दोराचं दुसरं टोक

दादा,

तू उठशील तवा मी वरच्या बांधीत, धानात असन. मायले भात वाढजो अन् तूही जेवून घेजो.

फवारणीचा पंप शोधू नोको. पंप अन् आमगावातून आणलेली बाटली, दोन्ही मी कोठीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली माह्यापाशी हाये. औषध मारलं का अळीसंगं तिले खाणारे कोळी अन् बेडकंही मरतेत, मंग अळी अजूनच माजते.

अळी बुडून मरन म्हणून तू काल बांधीत पाणी चढवलं. अरे, ते पानाची सुरळी करून आत बसते अन् नावेसारखी तरंगत दुसऱ्या धानावर जाते. तू तं तिले नदीच दिली! पण आता पाणी हायेच तं कामी आणू. धानावरून दोर ओढला का सुरळ्या पाण्यात पडतेत. मंग बांधीच्या कडेचा धुरा फोडून पाणी काढायचं अन् तोंडाशी मच्छरदाणी धरायची, म्हंजे सुरळ्या शेजाऱ्याच्या बांधीत जाणार नाहीत. जुनी मच्छरदाणी मी नेली.

सोमवारी मले बिरसीले सासरी सोडून द्यायचं तू परस्पर ठरवलं, मायनं सांगितलं. मी जात नाही. काऊन, ते माह्या हातावरचे वळ पाहून तुले समजलं हाये.

माह्यासंगं बोलायचं नसन तं नोको बोलू. पण एकटीनं दोर ओढला का धान मधातच लोळते. तुह्यं टोक पलीकडच्या धुऱ्यावर, मोहाच्या झाडाखाली ठेवलं हाये.

नूतन