पिवळा फ्रॉक

ठमीच्या आईस,

प्रभूमध्ये सलाम. ठमी गेली, तरी तुला हाक मी हीच मारणार.

मी ठणठणीत आहे, पोटभर जेवतो. तुझी कंबर कशी आहे? माझ्या आईच्या गुडघ्यांना शेक देतेस ना?

तू लिहिलंस, सगळं प्रभूला सोपवा. सोपवतोय गं. आमच्या लाँड्रीत कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करावा लागतो. एक राहिला आणि आत पेन निघालं, की सगळे शर्ट निळे. तसे रोज सकाळी गुडघ्यांवर बसून मी माझे खिसे त्याच्यापुढे उलटे करतो. जीभ दिली, आता मुकादमाला उलट उत्तर देत नाही. तोच घाबरून विचारतो, तब्येत बरी आहे ना? झोप दिली, राग दिला, तुझी काळजीसुद्धा दिली.

ठमीचे कपडे चर्चमध्ये देऊन टाकू का, असं विचारलंस. दे. कुणाच्या तरी लेकराला होतील.

फक्त तापात तिच्या अंगावर होता तो पिवळा फ्रॉक ठेव. मी पोचायच्या आत तुम्हाला तिला माती द्यावी लागली. मला तेवढाच उरलाय. इथे दिवसभर मी लोकांचे डाग काढतो, पण तो फ्रॉक तू धुऊ नकोस. तिचा वास असेल त्याला.

हा एक खिसा उलटा होत नाही. तू प्रार्थनेला बसशील तेव्हा त्याला सांग, थोडं थांब म्हणावं.

तुझा,
ठमीचा बाबा