तंबू क्रमांक २१४ मधली चिंगी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच घातला असं समज, प्रत्यक्ष घालायला गेलो तर उठवायला दोन माणसं बोलवावी लागतील.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींनी गोड खाणं खरंच सोडलं, की फक्त तुझ्यासमोर सोडलंय? दुकानात संध्याकाळी सुई ओवताना दिसत नाही म्हणत होतीस, तो दिवा बदललास का? इकडे सगळं ठीक. तुझी भावजय मजेत आहे, आणि पोरं माझं अजिबात ऐकत नाहीत त्याअर्थी तीही धडधाकट आहेत. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला "मुद्द्याचं बोल" म्हणतेस, आणि हे प्रकरण तिसऱ्या वाक्यात आटपणारं नाही. पत्राला मधे तोडता येत नाही, म्हणून पत्र.

आधी एक जुनं कोडं सोडवतो. मी ऑफिसात नेमकं करतो काय, हे तू बावीस वर्षं विचारते आहेस आणि मी बावीस वर्षं "तेच आपलं, कागदपत्रं" म्हणून वेळ मारून नेतो आहे. तर ऐक. पूर आला, भूकंप झाला, वस्ती जळाली, की आमची संस्था लोकांना मदत वाटते. वाटणारे वेगळे, त्यांचे फोटो निघतात. मी वाटून झाल्यावर जातो. ब्लँकेट मिळालं का, वेळेवर मिळालं का, देताना कोणी अंगावर ओरडलं का, मिळालेलं पांघरता की विकून टाकलंत, हे घरोघर विचारायचं आणि खरं-खोटं पारखून लिहायचं. लग्नात जेवून उठलेल्या प्रत्येकाला "मीठ बरोबर होतं ना?" विचारत फिरणारा एक काका असतो बघ, तो पगारी ठेवला तर जे होईल ते मी. लोकांना मी आवडत नाही, आणि मदत वाटणाऱ्यांना तर मुळीच आवडत नाही. पण मला हे काम आवडतं. का आवडतं ते तुला सांगायला नको.

आता मूळ प्रकरण. संस्थेला पुढच्या वर्षी चाळीस वर्षं होतात. तेव्हा वरच्यांच्या डोक्यात आलं की आपण अगदी सुरुवातीला जी पूरग्रस्तांची छावणी चालवली, तिथल्या कुटुंबांचं पुढे काय झालं ते शोधावं. नऊशे तंबूंतून साठ निवडायचे, आणि कोणाच्या मनाप्रमाणे नाही, संगणकाने डोळे मिटून. आमच्याकडे आकडेमोडीला एक नवी मुलगी आली आहे, चष्म्याआडून माणसाकडे असं बघते की आपली बेरीज चुकल्यासारखं वाटतं. तिने बटण दाबलं, यादी छापली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. पहिल्याच पानावर तंबू क्रमांक दोनशे चौदा.

ताई, मी तो आकडा बघितला आणि मला पहिल्यांदा काय आठवलं सांगू? ताडपत्रीचा उन्हात तापल्यावर येणारा वास. मग त्या ताडपत्रीला पडलेलं भोक, ज्यातून दुपारी बरोबर आईच्या पायावर उन्हाचा एक ठिपका पडायचा, आणि तो ठिपका उशाच्या ट्रंकेपर्यंत सरकला की पाण्याच्या रांगेत उभं राहायची वेळ व्हायची. आपल्याकडे घड्याळ नव्हतं, पण आपल्याइतकं वेळेवर रांगेत कोणी नसायचं. तू दोन बादल्या आणायचीस, मी एक तांब्या, आणि तंबूत शिरताना जास्त धापा मीच टाकायचो. मी चक्क तोंड धुवायच्या निमित्ताने उठून गेलो. कारण त्या ऑफिसात कोणालाच माहीत नाही की मी त्या छावणीत वाढलो. लपवलं असं नाही, नोकरीला लागताना कोणी विचारलं नाही आणि नंतर सांगायची वेळ निघून गेली. (बरं, खरंच सांगतो, लपवलं. मदत वाटणाऱ्यांच्या टेबलावर बसलं की आपण एकेकाळी रांगेत होतो हे जिभेवर येत नाही.)

आणि दोनशे चौदा म्हटलं की चिंगी आलीच. तुला सगळं पाठ आहे, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपण त्या तंबूत तिघं: आई, बारा वर्षांची तू, सात वर्षांचा मी. बाबा पुराच्या आदल्याच वर्षी गेलेले. पुरातून आपल्याबरोबर आलेली एकुलती एक चीज म्हणजे आपली शेळी, चिंगी. नोंदणीवाला दारात आला तेव्हा आई पाण्याच्या रांगेत. त्याने विचारलं, घरात किती जण, आणि त्याला बाणेदार उत्तर मिळालं, चार. चौथं कोण? चिंगी. वय? तीन. मुलगा की मुलगी? मुलगी. त्या भल्या माणसाने मान वर न करता लिहून घेतलं आणि पुढच्या तंबूकडे गेला. दुसऱ्या दिवसापासून चिंगीच्या नावाने दूध पावडर, भरडीचं पीठ आणि एक गुलाबी लोकरी टोपी सुरू झाली. ताई, कुटुंबात शेळी मोजणारी हुशार मुलगी म्हणून तुझी कीर्ती तेव्हापासूनची आहे, आणि ती सगळ्या नातेवाइकांत मी आजवर मन लावून पसरवली आहे.

आई मात्र हादरली होती. फुकटचं खाल्लेलं अंगाला लागत नाही म्हणणारी बाई ती. ती टोपी घेऊन वाटपाच्या खिडकीवर गेली, नाव कमी करा म्हणाली. खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं, वहीतून नाव कमी करायचं एकच कारण आहे, मृत्यू, आणि त्याला दाखला लागतो. आई म्हणाली, चांगली जिवंत आहे, सकाळीच पाला खाल्लाय. कारकून म्हणाला, मग प्रश्नच मिटला. त्यातून दर महिन्याला मुलांची वजनं करायला वजनकाका यायचे, झाडाला काटा टांगून. ज्या मुलाचं वजन होत नाही त्याच्या घराची चौकशी. आईने रडत रडत त्यांना खरं काय ते सांगितलं. वजनकाकांनी बराच वेळ चिंगीकडे बघितलं, मग झोळी पसरली आणि म्हणाले, धरा तिला. चार पाय झोळीच्या चार बाजूंनी बाहेर, डोक्यावर गुलाबी टोपी, आणि काका काट्याला डोळा लावून शांतपणे सांगताहेत, अकरा किलो. पुढल्या चार महिन्यांत ती सतरा किलोंची झाली. ते पीठ खाऊन तिचं आटलेलं दूध पुन्हा फुटलं, ते शेजारच्या तंबूतल्या दोन तान्ह्यांना जायचं. एवढी मदत त्या छावणीत दुसऱ्या कुठल्याच लाभार्थ्याने परत केली नसेल.

आता आमच्या चष्मेवालीने जुन्या वह्या चाळून काय शोधलं असेल? अख्ख्या छावणीत सगळ्यात झपाट्याने वजन वाढलेलं मूल. चिंगी, वय तीन, तंबू दोनशे चौदा. संस्थेच्या तेव्हाच्या पुस्तिकेत तिच्या वाढीचा आलेखसुद्धा छापलेला निघाला. आमच्या मोठ्या मॅडमना तो बघून भरून आलं. ही बालिका आज एक्केचाळीस वर्षांची असेल, तिला शोधा, चाळिसाव्या वर्धापनदिनाला व्यासपीठावर बसवा. आणि शोधायचं कोणी? सत्य पारखण्यात ज्याचा हात कोणी धरू शकत नाही, त्या तुझ्या भावाने. तीन आठवडे, ताई, मी सरकारी... चुकलो, संस्थेच्या गाडीतून, संस्थेच्या पेट्रोलवर, माझ्या लहानपणी म्हातारपणाने मेलेली शेळी शोधत फिरलो. रोज संध्याकाळी लिहायचो, "संबंधित व्यक्ती आढळली नाही." हे तरी खोटं नव्हतं. मॅडम म्हणायच्या, लग्न होऊन नाव बदललं असेल. मी म्हणायचो, शक्यता कमी वाटते. ड्रायव्हरने मात्र मनावर घेतलं, दिसेल त्या चहाच्या टपरीवर चौकशी केली, आणि एका सोमवारी एक बाई ऑफिसात हजर झाली. मीच ती चिंगी. झाडाला टांगलेला काटा तिला आठवत होता, पिठाची चव आठवत होती, टोपीसुद्धा आठवत होती. छावणीत ती खरोखरच असावी, आणि बिचारीने इतक्या वर्षांत कोणी आपल्याला शोधत आलं म्हणून जे मिळालं ते नाव धरलं असावं. मॅडमनी तिचा हात हातात घेतला. तिच्यासाठी खुर्ची ठरली. आता मला फक्त "पडताळणी केली" असं लिहून सही करायची होती.

मी पेन उचललं आणि ठेवलं. बावीस वर्षं लोकांच्या दारात जाऊन, खरं सांगा, घाबरू नका, कोणी काही करणार नाही, असं म्हणत आलो. ती बाई गेल्यावर मॅडमच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि म्हणालो, "मॅडम, चिंगी शेळी होती."

त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत?

"मी तिचं दूध प्यायलोय."

मग सगळं सांगितलं. छावणी, तू, आई, झोळी, टोपी. नोकरी जाणार असं धरूनच चाललो होतो. मॅडम हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की चष्मेवाली पाणी घेऊन धावत आली. हसून झाल्यावर मात्र अगदी कामाचं बोलल्या. त्या बाईंना चिंगी म्हणून नाही, छावणीतली मुलगी म्हणूनच बोलवू. पण वहीतली नोंद चुकीची आहे, तर ती रीतसर दुरुस्त झाली पाहिजे. त्याला नियम आहे: ज्याने चुकीची माहिती दिली असं वहीत लिहिलंय, त्याचा जबाब घ्यायचा. मी कपाटातून मूळ वही काढली, आपलं पान उघडलं. शेवटच्या रकान्यात त्या नोंदणीवाल्याच्या अक्षरात लिहिलंय, "माहिती देणार: थोरली मुलगी." त्यावर तुझा अंगठाही आहे, पाचवी झालेल्या मुलीचा अंगठा. तुला सही येत होती गं, त्याने विचारलंच नाही.

म्हणून सोबत जबाबाचा नमुना पाठवत आहे. मी तो तुझ्या वतीने भरूनच ठेवलाय: "बालवयात, अजाणतेपणी, शेळीची गणना कुटुंबात केली." तुला फक्त खाली सही करायची आहे आणि परत पाठवायचं आहे. भावोजींना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. परत पाठवायच्या पाकिटावर तिकीट लावलेलं आहे. त्यावर पुन्हा तिकीट लावू नकोस, मागच्या वेळी लावलं होतंस.

ता.क. दुसरा. पत्र बंद करून टपालपेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. तो भरलेला नमुना फाडून टाक. सोबत एक कोरा ठेवतो आहे. वर जे लिहिलं त्यात सगळं खरं आहे, एक सोडून. "चार" तू नाही म्हणालीस. मी म्हणालो. तू माझ्या तोंडावर हात ठेवायला आलीस तोवर तो लिहून मोकळा झाला होता, आणि मोठी म्हणून अंगठा तुझा घेतला. आई परत आली, वहीत काय लिहिलं गेलं ते तिने ऐकलं आणि तुला मारलं. मी ट्रंकेमागे होतो. तू तोंडातून शब्द काढला नाहीस. "जिने शेळी मोजली तिनेच ती राखायची" म्हणाली आई, आणि चिंगी हरवली तर चौकशी म्हणून वर्षभर रोज सकाळी तू तिला चारायला तिच्यामागे बंधाऱ्यावर. तंबूतली शाळा सकाळचीच भरायची. त्या शाळेत मी बसलो. छावणी उठली तेव्हा मोठ्या शाळेत पाठवायच्या मुलांच्या गुरुजींच्या यादीत माझं नाव होतं, तुझं नव्हतं, आणि मग तू शिवणाला लागलीस. तुला वाटत असेल मी लहान होतो, विसरलो. नाही विसरलो. प्रत्येक लग्नकार्यात ती गोष्ट मी तुझ्या नावावर सांगतो, सगळे हसतात, तूही हसतेस आणि माझ्या ताटात वाढतेस. या पत्रातसुद्धा सवयीने तशीच सांगून गेलो, बघ. मला फार लाज वाटते, ताई.

ता.क. तिसरा. वहीची दुरुस्ती तुझ्या जबाबाशिवाय होणार नाही. कोऱ्या कागदावर त्या दिवशी काय झालं ते तुझ्या हाताने लिही आणि खाली अंगठा नको, सही कर. माझी नोकरी, माझं ऑफिसातलं तोंड, कशाचाही विचार करू नकोस. मला या वेळी वाचवू नकोस.