दादासाठी जुना टीव्ही

३ जानेवारी, सकाळी ७
संकल्प एकच. लहानपणी दादा आणि मी खेळायचो तो गेम नव्या मॉनिटरवर हुबेहूब जुन्या टीव्हीसारखा दिसला पाहिजे. नव्या स्क्रीनवर त्यातला धबधबा चाळणीसारखा दिसतो. एक ठिपका निळा, एक रिकामा. जुन्या टीव्हीत तेच ठिपके एकमेकांत विरघळून पाणी व्हायचं. तसं करणारा फिल्टर, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहायचा. पंधरा दिवस पुरे.

दादा पाच वर्षं बोलत नाही. हे पाणी बघितलं की बोलेल. तसं भांडण नाहीच, गैरसमज. बाबा गेले तेव्हा मी आठ दिवस उशिरा पोचलो. जॉयस्टिक दुरुस्तीला उघडली होती. अर्धवट कशी टाकणार?

२१ जानेवारी
धबधबा अजून चाळणीच. जुन्या टीव्हीवरच्या आडव्या काळ्या रेषा मात्र अप्रतिम जमल्यात. बायकोने विचारलं, स्क्रीन बिघडला का? दिवसभर लोकांचे दात बघून तिची नजर मेलीये.

९ फेब्रुवारी
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. रिपोर्ट महिनाभर अडलाय म्हणे. मी त्यांच्या खिडकीच्या काचेचा फुगवटा बघत होतो, अगदी जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबसारखा. सक्तीची रजा दिली. म्हणजे आता पूर्ण वेळ! योग जुळून येतात ते असे.

२ मार्च, सकाळी ११.४०
पाणी वाहिलं!!
बायकोला दवाखान्यात फोन केला. पेशंट तोंड उघडून बसला होता. म्हणाली, बरं झालं, वाळत घातलेले कपडे तेवढे आत घे.

५ मार्च
वहिनींना फोन. म्हणाल्या, हे काही यायचे नाहीत. मग म्हणाल्या, बाबांची पेटी तुमच्याकडे राहिलीये ना, तेवढी न्यायला रविवारी येतील.
पेटी हे निमित्त. मी ओळखतो दादाला.

८ मार्च, रविवार
दादा आला. केस पार पिकलेत. बसला नाही. मी हाताला धरून मॉनिटरसमोर नेलं. मिनिटभर बघितलं त्याने. मी म्हटलं, आठवतंय? म्हणाला, "काय आठवायचं? हा गेम मी आज पहिल्यांदा बघतोय."

मी हसलो. तो नाही हसला. म्हणाला, "तू वरच्या मजल्यावर काकांकडे जायचास खेळायला. मी बाबांबरोबर दुकानात असायचो. आपल्याकडे टीव्ही होताच कुठे?"

पेटी उचलली. दारात थांबून म्हणाला, बाबा शेवटचे तीन दिवस दाराकडे बघत होते. मी म्हटलं, चहा तरी घे. तोवर जिना उतरलेला.

९ मार्च
दादाची स्मरणशक्ती गेली. वयच झालं.

११ मार्च
काकांकडे जायला सोळा पायऱ्या होत्या. सगळ्या आठवतात. बरोबर कोण असायचं ते आठवत नाही.

१६ मार्च
ऑफिसचं पत्र आलं. परत यायची गरज नाही. बायकोने वाचलं, घडी घालून ठेवलं आणि कामावर गेली. काहीतरी बोलायला हवं होतं तिने.

दुपारी गेम लावला. दुसऱ्या खेळाडूने बटण दाबावं, असं स्क्रीनवर आलं. बराच वेळ तसंच होतं. शेवटी डाव्या हाताने मीच दाबलं. दोन हात, दोन माणसं. पहिल्याच पुलावरून दोघंही खाली.
पुन्हा खेळायचं का, असं गेम विचारत होता. दहापासून उलटे आकडे. शून्य होईपर्यंत बघत बसलो.