उत्तरेच्या खडपावरची जागा

मॅरो बेट, मेन
९ सप्टेंबर १९७३

चि. लिओनास, बापाचे अ. आ., वि. वि.

पोहोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. टपालाच्या बोटीवर तुला एकटीला चढवलं म्हणून अख्खं गाव माझ्याकडे राक्षस असल्यासारखं बघत होतं. मी काय करणार? तुझं कॉलेज सुरू झाल्याचं शेवंडींना कोणी कळवलं नव्हतं, त्या आपल्या वेळेवर पिंजऱ्यात आल्या.

दुकानात मात्र मीच सांगत सुटलोय, आपल्या बीलांच्या घराण्यातून कॉलेजात गेलेली ही पहिलीच म्हणून. छाती फुगवून घरी येतो आणि टेबलावर एकच ताट मांडतो. तुझी आई गेली तेव्हा निदान दोन तरी होती. असो, रडगाणं पुरे.

तुझ्या जागेची काळजी करू नकोस. उत्तरेच्या खडपावर तुझे पिंजरे मी पाण्यातच ठेवलेत, वर तुझेच लाल-पिवळे बोये तरंगताहेत. माझे ओढून झाले की तुझे ओढतो. पिंजरे बाहेर काढले की जागा गेलीच म्हणून समज, आणि ती जागा तुझ्या आजोबांनी भांडून मिळवलेली आहे. चार वर्षं काय, बघता बघता जातील. मग तू आहेस आणि तुझी होडी आहे. तोवर पुस्तकं वाचून हात मऊ करून घेऊ नकोस म्हणजे झालं.

लोभ होता तेवढाच आहे.
बाबा

वुस्टर, मॅसॅच्युसेट्स
२३ सप्टेंबर १९७३

ति. बाबांना लिओनाचा सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. माझ्या स्वेटरांना अजून आमिषाच्या खारवलेल्या हेरिंग माशांचा वास येतो, म्हणून खोलीतली फिलिस खिडकी उघडी ठेवून झोपते. आणि गंमत ऐका, इथे शेवंड म्हणजे मेजवानी! मी शाळेच्या डब्यात शेवंडीचं सँडविच न्यायचे असं सांगितलं, तर मुली मला कोणी बड्या घरची समजल्या. मीही जरा नाक वर करून घेतलं.

रविवारी विनीआत्या जेवायला बोलावते. तुमच्या लहानपणीच्या भानगडी सांगते, त्या इथे लिहीत नाही.

बाबा, पिंजऱ्यांचं एवढं मनावर घेऊ नका. थंडी येतेय, तुमची कंबर काय म्हणते ते मला माहीत आहे. काढून टाका ते. जागा गेली तर गेली. आणि एकदा शेजारच्या हार्लनकाकांशी बोला, नक्की बोला.

जेवणाची हेळसांड करू नका. माया आहेच, ती मागावी लागू नये.
तुमची,
लिओना

मॅरो बेट
१४ ऑक्टोबर १९७३

ति. विनीताईस, सा. न. वि. वि.

तुझी भाची मला पिंजरे काढून टाका म्हणून लिहिते. माझ्या कंबरेची काळजी म्हणे! इथे जन्मभर वाकून काम केलं तेव्हा कंबर कोणाला दिसली नाही.

आता खरं सांगतो. काल तिच्या बोयांच्या दांड्यांवर कोणीतरी दोराची गाठ मारून ठेवलेली दिसली. तू शहरात राहून विसरली असशील, म्हणून लिहितो. ती गाठ म्हणजे, ही जागा तुझी नाही, उचल इथून. त्यावरही ऐकलं नाही तर पुढे गाठ नसते, सुरी असते. खडपाच्या त्या अंगाला हार्लनचे निळे बोये आहेत. दुसरं कोण असणार? शेजारी असून पोरीची पाठ वळते न वळते तोच मेल्याने डोळा ठेवला. दुकानात माझ्याजवळ येऊन काही बोलू बघत होता, मी पाठ फिरवली. पोरगीसुद्धा लिहिते त्याच्याशी बोला म्हणून. माझ्याकडे काय बोलायला तोंड नाही? पण बोलणार नाही.

बोयावर ज्याचा रंग, त्यानेच पिंजरा ओढायचा हा बंदराचा नियम मलाही कळतो, ताई. म्हणून एक काम कर. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिला इकडे धाड. तिने होडीत उभं राहून स्वतःचे पिंजरे ओढलेले लोकांनी बघितले की सगळ्यांची तोंडं बंद होतील.

तुझा,
एल्डन

वुस्टर
२१ ऑक्टोबर १९७३

चि. एल्डनास, ताईचे अ. आ.

गाठीचा अर्थ तू मला शिकवतोस? तुझ्या पहिल्या बोयांवर गाठी पडल्या तेव्हा रडत माझ्याकडेच आला होतास. विसरलास वाटतं!

पोरगी दर रविवारी येते. बीन्स दोनदा वाढून घेते, बडबडते, खिदळते. बेटावर ती अशी हसलेली मला तरी आठवत नाही. पण होडीचं नाव काढलं की मान खाली घालून ताटाकडे बघत बसते. हे तुला कळत नाही असं नाही, एल्डन, तू कळून घेत नाहीस.

ती थँक्सगिव्हिंगला येईल असं मला वाटत नाही. मी विचारते, पण ओढून आणणार नाही. आणि ती सुरी खिशात ठेव. आपल्या बापाचं डोकं तुझ्याच वाट्याला आलंय, म्हणून सांगते. हार्लनचं ऐकून घे. ऐकल्याने कोणी मरत नाही.

रागावलास तरी पत्र लिही.
विनी

मॅरो बेट
११ नोव्हेंबर १९७३

चि. लिओनास, अ. आ.

तुझ्या बोयांवर परत गाठी पडल्या. मग माझा तोल सुटला. हार्लनचे त्या अंगाचे सगळे दोर मी कापून टाकले. पिंजरे तळाशी गेले, बोये वाहत गेले. बंदरातल्या एड्रिकने आपल्या होडीतून बघितलं. बघू दे, मला कोणाची भीती नाही.

तुझ्यासाठी केलं हे. बंदरात सगळ्यांशी वाकडं घेतलं ते तुझ्यासाठी. आता तरी ये. बापाने एवढं केल्यावर तुझ्या पुस्तकांतून दोन दिवस निघत नाहीत का? आत्या लिहिते, तू तिकडे फार हसतेस म्हणे. हस बाई. इथे हसण्यासारखं काही नव्हतंच, हेही आज कळलं.

वाट बघतो.
बाबा

वुस्टर
१६ नोव्हेंबर १९७३

बाबा,

नमस्कार-बिमस्कार मागाहून. काय करून बसलात हे!

ती जागा हार्लनकाकांचीच आहे. मी निघायच्या आदल्या दिवशी दुकानासमोर, सगळ्यांदेखत त्यांना दिली. ते म्हणाले, आधी बापाला सांग. मी हो म्हटलं आणि घरी आले, तर तुम्ही टेबलावर वर्तमानपत्र पसरून माझे बोये नव्याने रंगवत बसला होतात. शीळ घालत होतात. कसं सांगणार होते मी? मग वाटलं, काकाच सांगतील. त्यांना तुम्ही तोंडच उघडू दिलं नाहीत.

अख्ख्या बंदराला माहीत होतं. दुसऱ्या कोणाचे पिंजरे असते तर पहिल्याच दिवशी दोर कापले असते. तुम्ही होतात म्हणून लोक गप्प बसले, गाठ मारून थांबले. आणि तुम्ही काकांच्या दोरांवर सुरी चालवलीत!

मी चार वर्षांनीही परत येणार नाही. मला समुद्र आवडत नाही. तुम्ही पहिला पिंजरा दिलात तेव्हाही आवडत नव्हता. दर सकाळी मला ओकारी यायची, तुम्ही म्हणायचात सवय होईल. झाली नाही.

थँक्सगिव्हिंगला मी येत नाहीये. आणि ‘तुझ्यासाठी केलं’ हे मला पुन्हा लिहू नका. मी मागितलं नव्हतं.

लिओना

मॅरो बेट
२६ नोव्हेंबर १९७३

चि. लिओनास, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. आधी वाटलं चुलीत घालावं.

हार्लनकडे जाऊन आलो. टोपी काढून दाराशी उभा राहिलो आणि चुकलं म्हणालो. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, थंडी वाजतेय, आत ये. त्याच्या बायकोने मात्र कॉफी विचारली नाही, आणि तिचं बरोबर आहे. बुडवलेल्या पिंजऱ्यांच्या बदल्यात तुझे पिंजरे त्याला दिले. बोये मी स्वतः खरवडले आणि निळे करून दिले. तुझा लाल रंग निघता निघत नव्हता, मेला.

बंदरात आता माझ्याशी कामापुरतं बोलतात. थँक्सगिव्हिंगला चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटाच होतो.

राग गेलेला नाही, खोटं कशाला लिहू? दुकानासमोर परक्यांना सांगितलंस, आणि घरात बसलेल्या बापाला नाही. हे मी विसरेन असं वाटत नाही. तुला ते सांगता आलं नाही यात बापाचाही काही हात असेल, असं ताई लिहिते. असेल. ओकारी मी बघत होतो, पोरी. मीच तोंड पुसायला फडका द्यायचो.

नाताळला येऊ नकोस. एवढ्यात मला तुझ्यासमोर बसता येणार नाही, आणि तुलाही बसवणार नाही.

हार्लनकडून निघताना त्याने विचारलं, पोरगी तिकडे काय शिकते? मी म्हटलं, पुष्कळ शिकते. तो पुढचं ऐकायला थांबला. माझ्याकडे पुढचं नव्हतं. वाटेत आठवून पाहिलं, घरी येऊन तुझी पत्रं चाळली. तू लिहिलं नाहीस, कारण मी विचारलंच नव्हतं.

काय शिकतेस, तेवढं एका ओळीत कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

बाबा