शेल्याची घडी

३ एप्रिल
दुपारभर लाइट नव्हती. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम पंख्याशिवाय होत नाही, घाम टपकला की गोंद पसरतो. गठ्ठा बाजूला सारला. फोनला चार्जिंग होतं, जुनी गुप्तहेराची मालिका लावली. त्यात एक चहावाला येतो, दोन कप ठेवतो, जातो. तोच! हल्ली प्रत्येक सिनेमात खलनायक असतो तो. कानांवरून ओळखला. माणूस कितीही मोठा झाला तरी कान तेच राहतात.
मयूरला पाठवलं. त्याचं उत्तर, "मम्मी, तू तो जबरी छे." पोरगं सुरतेत जन्मलं, एका वाक्यात तीन भाषा करतं.
बाकीच्या बायका नायिकेची साडी बघतात. मी मागे ट्रे घेऊन उभा असतो त्याला बघते. नाद आहे, काय करणार.

६ एप्रिल
रविवार, कापड मार्केट बंद. हे घरी. सकाळी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत बसले. आयुष्य साड्यांच्या घडी खात्यात गेलं, सुट्टीला तरी हात थांबवा म्हटलं. "सुरकुती पडस," म्हणाले, झालं. कुणाचं कौतुक करतील तर घडीचं.
डावखुरे आहेत. सगळं खातं उजवीकडे दुमडतं, ह्यांची शेवटची घडी डावीकडे वळते. म्हणून आमच्या कपाटातली साडी उलट्या बाजूने उघडते. मला इतकी सवय झालीय की माहेरी गेले की वहिनीच्या साड्या चुकीच्या वाटतात.
मी पलंगावर फोन लावून बसले होते. एका कौटुंबिक मालिकेत आताची मोठी नटी मोलकरीण सापडली. ह्यांना म्हटलं, बघा तरी. उठून गॅलरीत गेले. माझा हा खेळ सुरू झाला की गॅलरी. कारण मला ठाऊक आहे. जाऊ दे.

१३ एप्रिल
मयूरचा साखरपुडा झाला. पांडेसऱ्यातच, समाजाच्या हॉलवर. मुलीकडचे कतारगामचे, पण मूळ आपल्याच खानदेशातले. पोरगी गोड आहे. जेवण चांगलं झालं, वरण जरा पातळ.
आणि मग शांतारामभाऊ. ह्यांचे चुलतभाऊ, एकाच खात्यात कामाला, तोंडाला झाकण नाही. व्याह्यांना पान देता देता सुरू झाले. "व्याहीबुवा, तुम्हले माहित से का, आमना रमेश हिरो व्हता. तो पंखावाला ना, त्याना जोडीदार."
पंखेवाला म्हणजे पर्वत पाटियाच्या चौकातल्या मोठ्या बोर्डावर पंख्याच्या जाहिरातीत हसत उभा आहे तो नट. आज त्याचं नाव घेतलं की थेटर भरतं.
हे लग्नाआधी उमरगावच्या स्टुडिओत एका पौराणिक मालिकेत सैनिक म्हणून गेले होते. ठेकेदार इथून टेम्पो भरून पोरं न्यायचा. तिथूनच गावात निरोप धाडला, मी दिसणार, एक वाक्यही बोलणार. सरपंचाकडे टीव्ही होता, सगळं गाव जमलं.
शांतारामभाऊंचं पुढचं पाठ आहे मला. "घोडा दिसना, हत्ती दिसना, रमेश काही दिसना नही."
घोडा दिसला, हत्ती दिसला, रमेश तेवढा नाही. हॉल हसला. पुढे तो पंखेवाला मोठा झाला, तेव्हा हे एकदाच बोलून गेले होते की हा माझ्या शेजारी उभा होता. तेव्हापासून तर "हिरो" हे नावच पडलं. आज व्याहीही हसले. मयूरचं तोंड उतरलं. त्याची होणारी बायको ताटाकडे बघत होती.
ह्यांनी सुपारी कातरणं थांबवलं नाही. मान खाली घालून म्हणाले, "खोटंच बोलनू व्हतू मी. आते तरी सोडा."
मी वाढता वाढता थांबले. इतक्या वर्षांत असं कधी म्हणाले नव्हते. गप्प बसायचे, पण खोटं बोललो असं नाही.

१४ एप्रिल
ह्यांच्यासमोर विषय काढला नाही. डबा दिला, गेले.
खोटं असेल तर असो. तरुणपणी कोण फुशारक्या मारत नाही? माझा सख्खा भाऊ विहिरीत वाघ पाहिला म्हणून सांगायचा. पण खरं असेल आणि माणूस चारचौघांत स्वतःला खोटारडा म्हणवून घेत असेल, तर? आणि मी, घरची बाई, मलाही माहीत नाही की खरं काय. हे मला टोचतंय. कधी नीट विचारलंच नाही मी. विचारलं असतं तर.

१८ एप्रिल
ती पौराणिक मालिका फोनवर आहे. कुणीतरी सगळी चढवलीय, चित्र अंधुक, मधून मधून रेषा. सगळे सापडतात मला, मग नवरा का नाही सापडणार?
टिकल्या हातात, डोळा फोनवर. सैनिक म्हणजे सगळे सारखे, डिंकाने चिकटवलेल्या दाढ्या, कपाळापर्यंत शिरस्त्राण. एका उंच माणसाला हेच समजून पुन्हा पुन्हा बघितलं. तो उजव्या हाताने भाला धरतो. नाही.

२२ एप्रिल
लढाया संपत नाहीत. नणंदेचा फोन आला, लग्नाची पत्रिका कधी. मी म्हटलं, युद्ध संपलं की. तिला कळलं नाही.
ह्यांनी विचारलं, "दिवसभर काय पाहस?" म्हटलं, देवाचं. एवढं खोटं मलाही येतं.

२६ एप्रिल
सापडला.
हे नाही. पंखेवाला.
छावणीचा प्रसंग. राजकुमार जखमी होऊन तंबूत बसलाय, त्याचा शेला रणात पडलेला. एक सैनिक तो आणून देतो आणि म्हणतो, "कुमार, आपका उत्तरीय." संपलं. दाढी आहे, पोरगेला आहे, पण बोलायच्या आधी हनुवटी वर उचलायची खोड तीच. पंख्याच्या जाहिरातीतही तसंच करतो. आनंदाने ओरडलेच मी, शेजारची बाई दारात आली.
म्हणजे तो तिथे होता, एवढं तरी खरं. मग ह्यांना शोधायला तोच तुकडा परत परत. मागे दोन भालेवाले आहेत, दोघेही दुसरेच. एकाचं नाक बसकं, एक बुटका.
मग शेल्याकडे लक्ष गेलं. रणातून उचललेला शेला. चुरगळलेला, मातीत लोळलेला असायला हवा. तो घडी घातलेला आहे. काठ बाहेर, कोपरे जुळलेले, दुकानात गिऱ्हाइकासमोर ठेवतात तसा. आणि राजकुमार घेऊन उघडतो तेव्हा उलट्या बाजूने उघडतो. आधी एका बाजूला ओढतो, नाही उघडत, मग दुसऱ्या.
मी उठून कपाट उघडलं. माझी मोरपिशी साडी काढली. बघितली. परत ठेवली.
आज टिकल्यांचं काम झालं नाही.

२८ एप्रिल
मयूरला पाठवलं नाही. का ते माहीत नाही. बोट बटणावर ठेवून काढलं.

३० एप्रिल
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेरी गेले नाही, लग्नाची कामं. घागर भरली, पितरांना पुरणपोळी नि आमरसाचा नैवेद्य दाखवला. मयूर पोरीकडे गेला. घरी आम्ही दोघंच. जेवण झाल्यावर फोन ह्यांच्यासमोर धरला. म्हटलं, काही विचारत नाही, फक्त बघा.
बघितलं. तोंडातला घास संपलेला होता तरी चावत राहिले. मग "परत लाव" म्हणाले. परत लावलं. ह्यांची नजर पंखेवाल्यावर नव्हतीच.
म्हटलं, ही घडी कुणाची?
मग सांगितलं. जमेल तसं लिहून ठेवते.
ते वाक्य ह्यांचं होतं. उंच म्हणून ह्यांना निवडलं होतं. दोन दिवस पाठ केलं. कॅमेरा सुरू झाला, हे पळत गेले, शेला उचलला, तंबूत शिरले, आणि तेवढ्या वाटेत घडी घातली. काठ बाहेर घेऊन, वरून तळवा फिरवून. "मी काय घडी घालू म्हणीसन घातली नही. हात चालनात." हातच आपोआप चालले म्हणे. सगळे हसले. दिग्दर्शक म्हणाला, ये सेना है भाई, साडी की दुकान नहीं. परत घेतलं. परत घडी. हे म्हणतात, मनात वाक्य धरून ठेवलं होतं ना, हातांकडे कोण बघणार. आणखी एकदा. दिग्दर्शकाने टोपी काढून आपटली. ऊन उतरत आलं होतं. शेजारी उभ्या पोराला म्हणाला, तू कर. तो शेला तसाच घेऊन निघाला, घडीचा. उघडायला कुणाला वेळ नव्हता.
"त्याने माले इचारं," हे म्हणाले. "ऐसे ही पकडूं क्या? मी म्हन्तं, हां, ऐसे ही."
दुसऱ्या दिवसापासून त्या पोराला रोज बोलावलं. ह्यांना परतीच्या टेम्पोत बसवलं.
म्हटलं, मग हे आधीच का नाही सांगितलं? तुम्ही खोटं नव्हता बोलला, एवढं तरी.
"खोटारडा म्हनतस, म्हनू दे. घडीवर हसतीन. मंग खात्यामा कसा बसू मी? पोरं मन्हापाशी घडी शिकतस."
मला वाटलं होतं खरं कळलं की बरं वाटेल. नाही वाटलं. ज्या हातांनी आमचं घर चाललं, मयूर शिकला, त्याच हातांवर हा माणूस मनातल्या मनात रागावून बसलाय, आणि मी त्याला रविवारी हात थांबवा म्हणून सांगते.
ताटं तशीच पडली होती. शेवटी त्यांनीच उचलली.

४ मे
मी म्हटलं, मयूरला सांगू या. तो फोनवर टाकेल. लोकांना अशा गोष्टी आवडतात, कोण कुणाच्या मागे उभा होता. हसणार नाहीत, बघा, वाखाणतील.
"त्यानं नाव व्हयी. मन्ही घडी तर घडीच राहीन." म्हणजे नाव होईल ते त्याचंच.
मग थोड्या वेळाने, "तो चांगला पोऱ्या व्हता. पानी इचारे."
एवढंच. राग त्याच्यावर नाहीच. राग असता तर बरं झालं असतं.

७ मे
मयूर आणि त्याची होणारी बायको येऊन गेले. पोरीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मम्मी, पप्पा खरेच शूटिंगला गेले होते का?" साखरपुड्यापासून तिच्या मनात असणार. माझ्या तोंडाशी आलं होतं. हे समोरच बसले होते, पत्रिकांना हळदीकुंकू लावत. मी म्हटलं, गेले होते. पुढे काय ते विचारू नकोस.
चेहऱ्यावरून कळलं, तिचा विश्वास बसला नाही. मला वाईट वाटलं. सुनेपुढे पहिलंच खरं बोलले, आणि तेही अर्धं.

११ मे
पंखेवाल्याचा नवा सिनेमा आलाय. कुणीतरी तोच छावणीचा तुकडा शोधून काढून टाकलाय, "आताचा सुपरस्टार, ओळखा पाहू." सगळ्या फोनवर फिरतोय. लोक लिहितायत, काय रुबाब, तेव्हाच कळत होतं, सैनिक असूनही शेला किती अदबीने धरलाय. अदबीने!
दुपारी शांतारामभाऊंनी तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमना हिरो शोधा, बक्षीस मिळेल." हसणारी तोंडं एकाखाली एक. व्याह्यांचंही एक. मयूरने काही लिहिलं नाही, पण त्याने बघितलंय, फोन दाखवतो.
मी लिहायला घेतलं. शेला बघा, कुठल्या बाजूने उघडतो ते बघा, मग आमच्या घरी या, कपाट उघडून दाखवते. पूर्ण लिहिलं. हे शेजारी बसले होते. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, पण कळलं. "पाठवू नको," असं नाही म्हणाले. "पाठव" असंही नाही. उठून गॅलरीत गेले.
दोरीवरचे कपडे काढून आणले आणि पलंगावर ढीग टाकला. माझी साडी, मयूरचे शर्ट, चादर, सगळं एकत्र. आणि खुर्चीत जाऊन बसले.
मग फोन उपडा ठेवला, मी घालायला लागले घड्या. चादरीचे कोपरे काही जुळेनात. त्यांनी बघितलं, हात पुढे आला, परत मांडीवर गेला.
ग्रुपवरचं अजून तसंच आहे, लिहिलेलं, न पाठवलेलं. चादर वाकडीच ठेवलीय कपाटात.