बांधालगतच्या तीन ओळी

४ नोव्हेंबर
नाही म्हणजे नाही. मास्तरांना तोंडावर सांगितलं. धाकट्याच्या नावाचा दगड उभारताय, उभारा. पण त्यावर 'हसत हसत रणात गेला' असं कोरायचं नाही. म्हणे, "अगं, लोकांना वाचून बरं वाटतं." लोकांना वाटेल. शेतावर जाताना रोज तो मला वाचायचाय!

माझा भाऊ हसत गेला नाही. शिव्या देत गेला. अर्ध्या वाटेतून परत आला आणि म्हणाला, "ताई, बैलाचा खांदा सोललाय, तेल लावत जा." हे कोरा म्हटलं. मास्तर चष्मा पुसत बसले.

५ नोव्हेंबर
बाबा म्हणतात, "जाऊ दे ना." वर्षभर त्यांचं हेच चाललंय. मी नाही जाऊ देणार.

८ नोव्हेंबर
गव्हाची पेरणी उरकली. बांधालगतच्या तीन ओळी सोडल्या. शेजारच्या काकू पलीकडून ओरडल्या, "विसरलीस का गं?" नाही. "मग बियाणं संपलं?" तेही नाही. आता आठवडाभर माझ्या डोक्याची चौकशी होईल. होऊ दे खुशाल.

गेल्या वर्षी लढाई चालू होती तेव्हा नियम होता – ज्याची पेरणी बाकी, त्याला ती होईपर्यंत भरतीतून सूट. भरतीचा कारकून दर सोमवारी रान बघायला यायचा. नियमाचा पक्का. एक ओळ बाकी तरी बाकीच म्हणायचा. धाकट्याने सगळं रान पेरलं आणि या तीन ओळी ठेवल्या. कंबर धरून उभा राहायचा – "साहेब, पाठ भरलीय, झालं की येतोच." घरात आम्हालाही पाठच सांगितली. दोन सोमवार निभावले. तिसऱ्या सोमवारी कारकून आला तर ओळी पेरलेल्या. म्हणाला, "झालं की. चल."

चार महिन्यांनी तो गेल्याचा कागद आला. बावीस वर्षांचा होता.

त्या ओळी कुणी पेरल्या, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

१२ नोव्हेंबर
मास्तर पुन्हा. आता दगड त्या तीन ओळींच्या जागेवर हवाय. "तशीही पडीकच आहे." पडीक नाही, ठेवलेली आहे, म्हटलं. दगड रस्त्याकडेला लावा, माझ्या रानात पाय ठेवायचा नाही. मी फार बोलले बहुतेक. वाईट वाटत नाही.

१३ नोव्हेंबर
पाथरवटाकडे जाऊन आले. त्याला म्हटलं, 'हसत हसत' कोरलंस तर रोज येऊन चिखलानं बुजवीन. तो म्हणाला, "बाई, माझी मेहनत कशाला वाया घालवता? तेवढी जागा कोरी सोडतो." शहाणा माणूस.

२० नोव्हेंबर
दगड बसला. नाव, वय, खाली कोरं. मास्तर म्हणाले, दोन शब्द बोल. मग मी बोलले.

म्हटलं, त्याला जायचं नव्हतं. त्याला गहू बघायचा होता. तीन ओळी त्यानं मुद्दाम ठेवल्या होत्या आणि त्या मी पेरल्या. मला वाटलं पाठीनं बेजार आहे बिचारा, गावात नाचक्की नको. पहाटे दाराशी अर्धं पोतं बियाणं दिसलं, त्यानंच काढून ठेवलं असेल म्हणून घेतलं आणि उजाडायच्या आत हातानं टोकून आले. त्याला उठवून सांगितलं – जा, बघ, तुझं काम केलं. त्यानं एका शब्दानं दोष दिला नाही मला. जाईपर्यंत नाही.

कुणी टाळी वाजवली नाही. बरं झालं.

२१ नोव्हेंबर
बाबा सकाळपासून बांधावर बसून आहेत. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "पोतं दाराशी मी ठेवलं होतं."

मी शेजारी बसले. 'जाऊ दे' म्हटलं नाही.