ज्याच्या त्याच्या पाण्यात

७ मे, धुळे
सकाळी सुरतेहून आले. समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन, आत समुद्रात तरंगणारे बारीक किडे, झूप्लँक्टन, जिवंत. कंडक्टर म्हणे, "ताई, यामा काय शे, ताडी?" किडे म्हटल्यावर पुढच्या सीटवर जाऊन बसला.
पावसाळ्यात नद्या समुद्राला खत पुरवतात. उन्हाळ्यात नद्या आटल्या की शेवाळ तगतं ते या किड्यांच्या मुतावर. पावसाळा, हिवाळा मोजून झाले. उरला उन्हाळा. आधी मुतातला अमोनिया मोजायचा, मग फॉर्मालिन घालून किडे मारून डोकी मोजायची. रविवार, लॅब बंद, म्हणून कॅन खोलीवरच.

८ मे
अंघोळ करून येते तो कॅन घासून पालथे!
घरमालकीणबाई, आमच्या जैन काकी. रोज पाणी गाळतात, फडक्यावर राहिलेले जीव म्हणजे जिवाणी, ती परत विहिरीत. "बेटा, कोंडलेले होते बिचारे. सोडले मी."
"काकी, ते खाऱ्या पाण्यातले! विहिरीत मेले सगळे!" फार जोरात ओरडले.
काकी मटकन खाली बसल्या. "जिवाणी ज्याच्या त्याच्या पाण्यातच सोडायची असते. मला ठाऊक, आणि मीच…"
दार लावून रडले. रागानेच जास्त.

९ मे
सर म्हणतात, खानदेशात बसून समुद्र कशाला, पांझरेचं पाणी घे. नाही घेणार.
सुरतेचे होडीवाले भाई फोनवर: १५ ला शेवटची फेरी, मग पावसाळी मासेमारी बंदीसाठी होडी किनाऱ्यावर. म्हणजे हुकलं तर वर्ष गेलं.
रावेरहून आबांचा फोन. केळीला युरिया देत होते. "काय वं, मुतले का तुह्ये किडे?" सगळं सांगितलं. "मंग जाय ना परत! वाऱ्यानं केळी आडवी झाली तं आपुन काय शेती सोडतो?"
जाणार. या वेळी प्रयोग किनाऱ्यावरच, कॅन घरी आणायचेच नाहीत.

११ मे
काकी त्या दिवसापासून जेवल्या नाहीत. सून सांगून गेली. आता आपला राग कुठे ठेवावा? खाली गेले. माझा हात धरून म्हणाल्या, "काम झालं की त्यांना समुद्रात सोडशील ना?"
"हो," म्हणाले. त्या लगेच जेवल्या.
कशाला हो म्हणाले! मोजायला मारावे तर लागतातच. सगळे नाहीत, पण लागतात.

१४ मे, बस
अक्षर हलतंय. शेजारी काकी! पहाटे थेपल्यांचा डबा घेऊन दारातच उभ्या. "जिवाणी मीच सोडणार. समुद्र पाहिलाही नाही मी कधी." मांडीवर गाळायचं कोरं फडकं, इस्त्री केलेलं.
फॉर्मालिनची बाटली माझ्या पायाशी. उन्हाळा मोजल्याशिवाय परत यायचं नाही, हे पक्कं. पण काकींना खोटं सांगून होडीत बसवायचं नाही, हेही. सुरत यायच्या आत सांगणार.
नवापूर गेलं. थेपले संपले. अजून सांगितलं नाही.
काकी विचारताहेत, "बेटा, या बाटलीत काय आहे गं?"